अठरा इंचांची पायरी

आमच्या घरी एक पिकअप गाडी होती आणि तिच्यात बसायचं म्हणजे झाडावर चढण्यासारखं होतं. माझ्या धाकट्या दिरानं ती लष्कराच्या लिलावात घेतली. घरी आणली तेव्हा नुसतं इंजिन, सांगाडा आणि चार दांडगी चाकं. जवानांसाठी केलेली गाडी, ते उडी मारून चढत असतील. भाजीच्या पाट्या घेऊन मंडईला निघालेली पन्नाशीची बाई तिच्यात कशी चढेल, याचा विचार लष्करानं करायचं काहीच कारण नव्हतं. तो आमच्या घरच्यांनी करायला हवा होता. त्यांनीही केला नाही.

दापोडीच्या एका कारागिराकडून तिच्यावर बॉडी बांधून घेतली. आत लाकडाची चौकट, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. ॲल्युमिनियमची कल्पना माझ्या नवऱ्याची. तो कंपनीत ड्रॉइंग ऑफिसला होता, आणि वजनाला हलकं, गंज चढत नाही, रंग नसला तरी चालतं, हे त्यानं घरातल्या प्रत्येकाला निदान तीनदा समजावून सांगितलं होतं. दारं, केबिन, मागचा हौदा, सगळं चकचकीत. उन्हात उभी केली की तिच्याकडे बघवत नसे. एवढं सगळं झालं, पण दाराखाली पाय ठेवायला फूटबोर्ड काही कुणी लावला नाही. तो नंतर लावू, असं ठरलं. आमच्या घरात एखाद्या कामाला ‘नंतर’ हा शब्द लागला की त्या कामाचं काय होतं, हे मला लग्नानंतर चारच महिन्यांत कळलं होतं.

मी पुण्याची, नोकरदार माणसांच्या घरातली, आणि पिंपरीच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका. सासर मात्र जुन्या गावातलं, शेतकरी. जमीन बहुतेक कारखान्यांत गेली होती आणि काळेवाडीच्या अंगाला नदीकाठी अडीच एकराचा मळा तेवढा उरला होता. तो मळा सासूबाईंचा. सात-बाऱ्यावर नाव कुणाचं का असेना, तिथं मेथी कधी टाकायची आणि वांगी कधी उपटायची हे त्या ठरवत. आणि तो माल पिंपरीच्या मंडईत त्या स्वतः बसून विकत. सासरे गेल्यापासून, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या शाळेच्या दिवसांपासून, त्यांची तिथं एका लिंबाखाली जागा होती.

या जागेचं मला तेव्हा काही कळत नव्हतं, म्हणून सांगते. त्या जागेला कागद नव्हता की पावती नव्हती. जी बाई रोज येऊन पोतं अंथरते तिची ती जागा. दोन-चार दिवस आली नाही तर शेजारणी सांभाळतात, आठ दिवसांनी कुजबुज सुरू होते, आणि महिना झाला की दुसरीच कुणीतरी तिथं टोपल्या मांडून बसते. मग भांडून उपयोग नसतो. बाई आली नाही याचा अर्थ बाईच्यानं आता होत नाही, असा साधा हिशेब.

त्या वर्षी गणपती बसले त्याच आठवड्यात सासूबाई गाडीवरून पडल्या. त्यांची चढायची रीत अशी होती की चाकाच्या मधल्या लोखंडावर पाय ठेवायचा, दाराची मूठ धरायची आणि देवाचं नाव घेऊन स्वतःला वर ओढायचं. पहाटे चाकाला चिखल होता. पाय सटकला आणि गुडघा दणकन दगडावर आपटला. हाड मोडलं नाही, पण गुडघा भोपळ्याएवढा सुजला. डॉक्टरांनी पंधरा दिवस घरी बसायला सांगितलं, आणि पुढंही उंच पायऱ्या चढू नका म्हणाले. पंधरा दिवसांनी त्या घरभर हिंडू लागल्या. पण पाय वाकून वर येईना तो येईना.

“स्टूल ठेवू या गाडीत,” मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “चढताना लावायचं, उतरताना लावायचं.”

सासूबाईंनी माझ्याकडं नजर टाकली.

“मंडईत स्टूल लावून उतरू व्हय? समद्या बघत बसतील. आज स्टूल आनलं, उद्या काठी आनंल म्हनतील. म्हातारी झाली म्हनलं की जागा गेली.”

लेकानं उचलून बसवायचं तर त्याहून वाईट. तेव्हा उपाय एकच राहिला, फूटबोर्ड. गाडीचा भाग असलेला, कुणालाही वापरावा लागेल असा, दाराखालचा साधा फूटबोर्ड. दोन माणसांचं एका दिवसाचं काम. त्याला महिना लागला. त्या महिन्यानं माझं डोकं जितकं फिरवलं तितकं चाळीस पोरांच्या वर्गानंही कधी फिरवलं नसेल.

पहिली अडचण गुरुवारची. आमच्याकडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, कारण त्या दिवशी त्यांची वीज बंद. म्हणजे नवरा घरी असायचा तो गुरुवारी. आणि त्याच्या ज्या वेल्डर मित्राच्या काळेवाडीतल्या शेडमध्ये काम व्हायचं, त्या शेडची वीजही गुरुवारीच बंद. ज्या दिवशी माणूस मोकळा त्या दिवशी मशीन मुकं. मग गुरुवारी काय करायचं? तर चर्चा. दोघं गाडीशेजारी उकिडवे बसायचे, पत्र्यावर बोटानं टकटक करायचे आणि मला चहा टाकायला सांगायचे. मी तेव्हा शाळेतून नुकती आलेली असायचे, पायात चपलाही तशाच.

पहिल्या गुरुवारी नवऱ्यानं ड्रॉइंग केलं. एका फळीचं ड्रॉइंग! वरून, समोरून आणि बाजूनं, तिन्हीकडून. प्रत्येक भोकाला नंबर. कोपऱ्यात चौकट, तिच्यात ‘फूटबोर्ड, डावी व उजवी’ असं सुबक अक्षरात. मी म्हणाले, “अहो, सुतारानं पाट करताना कधी कागद मागितला होता का?” त्यावर तो शांतपणे म्हणाला, “म्हणूनच तो पाट डुगडुगतो.” पाट खरंच डुगडुगत होता, त्यामुळं मला आणखी राग आला.

दुसऱ्या गुरुवारी पहिला फूटबोर्ड आला. मित्रानं आदल्या दिवशी शेडमध्ये वेल्डिंग करून ठेवला होता. जाड खडबडीत पत्रा, खाली लोखंडी अँगलचे दोन हात. ते हात त्यांनी दाराखालच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला बोल्टनं आवळले. मध्ये जुन्या ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या घातल्या, कारण लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलं की पावसाळ्यात पांढरी पूड सुटते आणि पत्रा कुजतो म्हणे. या रबराच्या पट्ट्या कापण्यात दीड तास गेला. कात्री माझी, शिवणाची. ती पुढं कधी धड चालली नाही.

“आता लोड टेस्ट,” नवरा म्हणाला.

लोड टेस्ट म्हणजे धाकटा दीर. तो तालमीत जाणारा, अंगानं दणकट. तो फूटबोर्डवर चढला आणि नुसता उभा राहायचं सोडून त्यानं दोन उड्या मारल्या. दुसऱ्या उडीला टर्र असा आवाज झाला, लुगडं फाटतं ना, तसा. पत्रा वीतभर फाटला, आतलं लाकूड दिसू लागलं, आणि फूटबोर्ड एका बोल्टवर लोंबकळत राहिला.

“पत्रा पातळ हाय, दादा,” दीर म्हणाला.

“तुला उड्या मारायला कुणी सांगितलं होतं?”

“टेस हाय म्हनलास की.”

सासूबाई ओट्यावर माझ्या लेकीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.  त्यांनी लेकीच्या हातातला खुळखुळा काढून घेतला आणि त्या आत गेल्या.

इथं मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. माझी लेक तेव्हा दहा महिन्यांची होती. माझी रजा संपून शाळा सुरू झाली होती. सुरुवातीचे काही आठवडे माझी आई पुण्याहून येऊन राहिली होती, ती गौरी-गणपतीला परत गेली. लेकीला कुठं ठेवायचं या काळजीनं मला झोप येत नव्हती. शाळा सकाळची, सात वाजता हजर व्हायचं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाई पडल्या आणि घरी बसल्या. लेकीला सांभाळायला घरातलंच माणूस मिळालं. त्यांना लागलं याचं मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना माझा जीव हलका झाला होता, हेही खरं आहे.

तिसऱ्या गुरुवारी काही झालं नाही, कारण पितृपंधरवडा लागला होता. गाडीला नवीन काही लावायचं तर सर्वपित्री होऊ दे, असं दिरानं जाहीर केलं. नवरा, जो एरवी यांत्रिकीच्या पुस्तकातली वाक्यं घरात ऐकवायचा, तोही म्हणाला, “राहू दे पंधरा दिवस, तोवर डिझाइन सुधारतो.” मी हात टेकले. बरं, सुधारणा काय, तर आता आधार पत्र्याचा घ्यायचा नाही, खालच्या चेसिसचा, म्हणजे लोखंडी सांगाड्याचा घ्यायचा. मग चेसिसला भोक पाडायचं की नाही यावर चौथा गुरुवार गेला.

“भोक पाडलं की चेसिसची ताकद जाते, राव,” मित्र म्हणाला.

“एका बोल्टनं काय जाते?”

“आज एक, उद्या दोन. मी भोक पाडणार नाही. यू-बोल्टनं चेसिसला मिठी मारू.”

“यू-बोल्ट ढिला होतो.”

“डबल नट टाक.”

असं सकाळी नऊपासून चाललं होतं, मी शाळेतून येऊन भाकरी केल्या तरी संपलं नव्हतं. आत भाकरी थंड होत होत्या. मी एकदा बाहेर येऊन म्हणाले, “तुम्ही दोघं रेल्वेचा पूल बांधताय का?” तर दोघंही हसले, आणि मित्र म्हणाला, “वहिनी, पुलाला एवढा त्रास नसतो. पूल एका जागी उभा असतो.” मी भाकऱ्या झाकून ठेवल्या आणि आत जाऊन जेवून घेतलं. त्यांच्यासाठी थांबले नाही.

इकडं दीर रोज पहाटे गाडी घेऊन जायचा आणि माल मंडईच्या दारात एकाच व्यापाऱ्याला देऊन यायचा. लिंबाखाली बसणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. तो सांगायचा, “आये, तुझ्या जागंवर एक बाई बसाया लागलीय. कांदं-बटाटं इकती.” सासूबाई विचारायच्या, “निम्म्या जागंवर का सगळ्या?” तो म्हणायचा, “निम्म्या.” पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, “आता निम्म्याच्या वर.” हे ऐकून सासूबाईंचं जेवणावरचं लक्ष उडालं. दसरा जवळ आला होता आणि मळ्यात झेंडू उभा होता. दसऱ्याच्या पहाटे झेंडू घेऊन लिंबाखाली बसलं तर जागा वाचली. ते साधलं नाही तर पुढं बसायचं नावच काढू नये, असं त्या म्हणत. वर्षभरात बाया एकमेकींच्या जागा बघतात त्या दसऱ्यालाच.

घट बसले त्या आठवड्यातली गोष्ट. मी सकाळी शाळेला निघाले होते. बस चुकत होती, एका खांद्याला पिशवी, तोंडात अर्धी पोळी. नवरा दारात कागद-पेन्सिल घेऊन उभा.

“अगं, आईचा पाय किती उंच येतो ते मोजलंस का? परवा सांगितलं होतं.”

त्यानं खरंच सांगितलं होतं. स्वतः मोजायला त्याला लाज वाटत होती. आईला उभं करून तिच्या गुडघ्याला टेप लावायचा, पाय उचल म्हणायचं, हे लेकानं कसं करायचं? म्हणून सुनेकडं. आणि मी मोजलं नव्हतं. दोन दिवस लक्षात होतं, दोन्ही दिवस राहून गेलं.

“अठरा,” मी म्हणाले.

“अठरा इंच? नक्की?”

“हो हो, अठरा. जाऊ दे मला.”

हे अठरा कुठून आलं ते सांगते. आमच्या वर्गातल्या बाकाची उंची अठरा इंच होती. आदल्याच दिवशी मुलांकडून पट्टीनं बाक मोजून घेतला होता, तो आकडा तोंडात होता, तोच बाहेर पडला. नवऱ्यानं तो कागदावर लिहिला आणि खाली रेघ मारली. त्याच्या लेखी एकदा आकडा आला आणि पुढं ‘इंच’ आलं की ते ब्रह्मवाक्य. महिनाभर सूत-सूत मोजणाऱ्या त्या दोघांनी तेवढा एकच आकडा पडताळून पाहिला नाही.

खंडेनवमीच्या दिवशी फूटबोर्ड लागला. म्हणजे लागता लागता राहिला. डावी बाजू पूर्ण झाली, उजव्या बाजूचे शेवटचे चार नट उरले, आणि दिरानं घरातून हाक मारली की पूजा मांडलीय. पाटावर लाल कापड, त्यावर कोयता, विळे, खुरपी, आणि शेजारी नवऱ्याचे पाने, पकडी, हातोडी, हातानं फिरवायचं ड्रिल. चार नट आवळायचा पानाही दिरानं नवऱ्याच्या हातातून घेऊन त्यात ठेवला. हळद, कुंकू, फुलं, झालं. आता उद्या दसऱ्याची पूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही.

“अहो, चार नट,” मी म्हणाले.

“उद्या आवळू.”

“उद्या पहाटे त्यांना जायचंय! उद्या पूजा कधी, तुम्ही उठणार कधी?”

“वहिनी, पुजलेलं हत्यार उचलत न्हाईत,” दीर म्हणाला.

“मग पंधरा मिनिटांनी पुजायचं होतं!”

माझा आवाज चढला होता. शेजारच्या ओट्यावरच्या बायका वळून बघू लागल्या. महिनाभराचं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडत होतं, गुरुवार, रबराच्या पट्ट्या, माझी कात्री, पितृपंधरवडा, यू-बोल्ट. नवरा खाली मान घालून उभा. दीर हात जोडून उभा, देवापुढं की माझ्यापुढं कुणास ठाऊक.

सासूबाई आतून आल्या. पाटासमोर वाकून नमस्कार केला. पाना उचलला, त्याच्यावरचं फूल काढून बाजूला ठेवलं, आणि तो कुंकवासकट लेकाच्या हातात दिला.

“आवळ. देवानं बघितलंया महिनाभर. त्यो काय म्हनत न्हाई.”

नट आवळले गेले. मग गाडीची पूजा झाली, आरशाला झेंडूची माळ, चाकापुढं नारळ. नवऱ्यानं ओल्या फडक्यानं फूटबोर्ड पुसला. पूजेआधी कुणाचा पाय लागायला नको म्हणून त्यावर कुणाला चढू दिलं नव्हतं, आणि पूजेनंतर पहिला पाय आईचा, असं ठरलं. मला त्या क्षणी त्याचं कौतुकही वाटलं.

दसऱ्याच्या पहाटे हौद्यात झेंडूच्या पाट्या भरल्या. सासूबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. नवऱ्यानं दार उघडून धरलं. शेजारपाजारचे दोघं-तिघं उभे होते. सासूबाईंनी मूठ धरली, दुखरा पाय खाली ठेवून चांगला पाय उचलला आणि फूटबोर्डवर टेकवला. इथपर्यंत ठीक. पण अंग वर न्यायला खालच्या गुडघ्यानं रेटा द्यावा लागतो, आणि तो गुडघा रेटा देईना. त्यांनी पाय बदलून पाहिला. दुखरा पाय वर उचलला, तर तो पायरीच्या वीतभर खालीच थांबला. पुन्हा उचलला. पुन्हा तिथंच. मूठ इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली.

“आई, अठरा इंचच आहे बघ,” नवरा म्हणाला.  खिशातून टेप काढून त्यानं मोजलंसुद्धा. “अठरा. बरोब्बर अठरा.” मग तो माझ्याकडं वळला. “अठरा तूच...”

 महिनाभर मी या लोकांना नावं ठेवली, बोटं मोडली, आदल्याच दिवशी सगळ्या आळीसमोर तोंडसुख घेतलं, आणि त्या सगळ्या कामात चुकलेली एकच गोष्ट माझी होती. त्याहून वाईट म्हणजे, त्या एका क्षणात माझ्या मनात असंही येऊन गेलं की आज त्या गेल्या नाहीत तर लेक घरीच राहील. आलं ते आलं. मला माझीच किळस आली.

“म्याच सांगितलं तिला अठरा,” सासूबाई म्हणाल्या. “मला वाटलं येतंय तेवढा पाय. माझीच चूक झाली.”

आणि त्यांनी मूठ सोडली.

मी काही विचार केला नाही. कडेवरची लेक नवऱ्याच्या हातात दिली, पुढं गेले, फूटबोर्डसमोर चिखलात दोन्ही गुडघे टेकून टाचांवर बसले आणि मांडीवर हात मारला. “आत्याबाई, इथं पाय ठेवा.”

“खुळी का काय? साडी बघ.”

“ठेवा.”

दिराच्या, नवऱ्याच्या देखत त्यांनी माझ्या मांडीवर पाय ठेवला, एक हात माझ्या डोक्यावर टेकला, तिथून पायरीवर आणि पायरीवरून आत. मी उठले आणि स्वतःही गाडीत चढले. उतरायला मांडी कुणीतरी द्यायला हवी होती. नवरा लेकीला घेऊन तसाच उभा राहिला. त्या दिवशी तो पहिल्यांदा एकटा तिला घेऊन दुपारपर्यंत घरी होता.

मंडईत मी पुन्हा चिखलात बसले आणि त्या उतरल्या. बाया बघत होत्याच. एक जण ओरडली, “काय गं, सून आनली का पायरी आनली?” सासूबाई लगेच म्हणाल्या, “दोनी आनल्या. तुला हाय का एक तरी?” सगळ्या खो-खो हसल्या. मी त्या दिवसापर्यंत सासूबाईंना असं मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. घरात त्या अर्ध्या आवाजात बोलत. लिंबाखाली कांदे-बटाटेवाली सगळी जागा पसरून बसली होती. सासूबाईंनी तिच्याशी एक शब्द काढला नाही. झेंडूची पाटी तिच्या टोपल्यांच्या मधोमध पालथी केली, हा एवढा ढीग, आणि शेजारी पोतं टाकून बसल्या. ती बाई दोन मिनिटं पुटपुटली, शेजारणींकडं बघितलं, कुणीच तिच्या बाजूनं बोललं नाही, आणि तिनं टोपल्या ओढून घेतल्या.

गर्दी जरा विरळ झाल्यावर मी विचारलं, “तुम्ही का सांगितलंत, तुमची चूक म्हणून?”

त्या फुलं सारखी करत होत्या. माझ्याकडं बघितलं नाही.

“तू माझा पाय मोजलाच न्हाईस. मला ठावं न्हाई व्हय? पाय माझाच हाय.”

मी पोत्याची दुमडलेली कड सरळ करू लागले.

“मी घरी र्‍हायले तर तुझं बरं व्हतं, त्येबी ठावं हाय. मलाबी पोर ग्वाड लागती. पर तुला साळा हाय, तसं मला हे हाय. मी तुझी साळा बंद करा म्हनले का कधी?”

एवढंच बोलल्या आणि समोर आलेल्या गिऱ्हाइकाला तोरणाची फुलं मोजून द्यायला लागल्या. मी पदरानं डोळे पुसले. आजूबाजूच्या बायकांनी पाहिलं असेल, मला त्याचं काही वाटलं नाही.

पुढच्या गुरुवारी नवऱ्यानं आणि मित्रानं त्या फूटबोर्डखाली आणखी एक बुटकी पायरी लटकवली. या वेळी मी सासूबाईंना ओट्यावर उभं करून टेप लावला. साडेदहा इंच.

आणि दसऱ्याची सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी मी मोठ्या बाईंकडं गेले. आमच्या शाळेला दुपारचीही पाळी होती. सासूबाई मंडईतून अकराला परत येत आणि दुपारची शाळा बाराला भरे. हे मला आधीपासून ठाऊक होतं. दुपारच्या पाळीत उन्हं असतात, मुलं पेंगतात, घरी यायला दिवेलागण होते, म्हणून मी ते एकदाही मागितलं नव्हतं. मोठ्या बाईंनी रजिस्टरवरून मान वर न करता विचारलं, “अडचण काय आहे?”

“काही नाही,” मी म्हणाले. “आमच्या घरी सकाळी दुसऱ्या एका बाईला कामावर जायचं असतं.”